बाबांची हिरवी फाईल

आमचे बाबा 11 मार्च 2023 ला, शनिवारी पहाटे, घरीच गेले. वय 78. आई 2019 मध्येच गेलेली. मागे राहिलो आम्ही दोघं: मी आणि माझा मोठा भाऊ.

दादा आता 47 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे, प्रमाणपत्रावर 70 टक्के लिहिलंय. तो आपला आपण जेवतो, आंघोळ करतो, रोज सकाळी नऊला रिक्षाने कार्यशाळेत जातो, तिथे कागदी पिशव्या चिकटवतो. जुन्या गाण्यांच्या भेंड्यांत मी त्याच्याशी कधीच जिंकत नाही. पैसे मोजता येत नाहीत. सही येते. ती बाबांनी रोज संध्याकाळी शेजारी बसून, दोन वर्षं खपून शिकवली. पण आपण सही करतोय त्या कागदावर काय आहे, हे त्याला कळत नाही.

बाबांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं आणि त्यात दादासाठी ट्रस्ट, म्हणजे त्याच्यासाठीची मालमत्ता विश्वस्तांनी सांभाळायची अशी व्यवस्था, सांगितला होता. तो ट्रस्ट प्रत्यक्षात उभा राहायला पंधरा महिने लागले. त्या काळात मी रात्री जागून मोबाईलवर शोधायचे, पण या वाटेने स्वतः गेलेल्या कुणी मराठीत लिहिलेलं फारसं हाती लागलं नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. मी वकील नाही. आमच्या घरात जे घडलं तेवढंच सांगते.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांकडून नमुना 4-अ हा दाखला घ्यावा लागतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहाटे येऊन तो दिला, त्यावर अंत्यसंस्काराचा पास निघाला आणि दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत सगळं आटोपलं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, ती पासाबरोबरच झाली. त्या घाईत फॉर्म कुणी भरला ते मला आजही आठवत नाही. पण मृत्यूचा दाखला हातात आला तेव्हा बाबांच्या इंग्रजी नावात एक अक्षर जास्त होतं. आधारवर नाही, पॅनवर नाही, फक्त दाखल्यावर. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या तीन फेऱ्या; एकूण 19 दिवस गेले. तुमच्याकडे अशी वेळ आली तर फॉर्म भरायला घरातल्या अशा माणसाला पाठवा ज्याच्या हातात आधार कार्ड असेल आणि ज्याचं डोकं त्या दिवशी त्यातल्या त्यात शांत असेल. दुरुस्त दाखल्याच्या मी दहा प्रती घेतल्या. आठ लागल्या.

तेरावं झाल्यावर मी कपाटातली हिरवी फाईल काढली. बाबा शिक्षक होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून 2003 मध्ये मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. फाईलीला अनुक्रमणिका होती. पहिल्या पानावर ठेवींच्या पावत्यांचे नंबर, नॉमिनीचं नाव, मुदत. मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा सातबारा, दादाचं दिव्यांग प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र). सगळ्यात खाली रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा. कार्यशाळेतून दादाला दर महिन्याला विद्यावेतन मिळतं, साडेतीनशे रुपये. तो ते पाकीट न फोडता बाबांना द्यायचा, बाबा त्यावर तारीख आणि रक्कम लिहायचे, पैसे दादाच्या खात्यात भरायचे आणि रिकामं पाकीट फाईलीत ठेवायचे. गेल्या नऊ वर्षांची पाकिटं होती. त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकले नाही.

मृत्युपत्र दुसऱ्या दिवशी वाचलं. सहा पानी, 2017 मध्ये दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं. दोन साक्षीदार: एक बाबांचे शाळेतले सहकारी, दुसरे तेच डॉक्टर. सोबत बाबांची मानसिक स्थिती उत्तम असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते आणि त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही. नोंदणीची पावती शंभर रुपयांची होती. त्या शंभर रुपयांनी पुढे आम्हाला किती ठिकाणी वाचवलं ते सांगून संपणार नाही, कारण नोंदणीचा शिक्का दिसला की समोरच्या माणसाचा आवाजच बदलायचा.

मजकूर थोडक्यात असा. कर्वेनगरचा फ्लॅट आणि सगळ्या ठेवी 'माझ्या मुलाच्या आजन्म पालनपोषणासाठी' ट्रस्टमध्ये. ट्रस्टी तीन: मी, साताऱ्याचा चुलतभाऊ आणि बाबांचे एक मित्र. पैसे काढायला कुठल्याही दोघांच्या सह्या. गावची 38 गुंठे जमीन मला आणि दादाला निम्मी-निम्मी. मी मृत्युपत्राची व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर. आणि शेवटच्या पानावर: 'माझ्या पश्चात माझ्या मुलीने आपल्या भावाचे पालक म्हणून काम पाहावे.'

मला वाटलं, बाबांनी सगळं करून ठेवलंय. आता फक्त कागद दाखवत फिरायचं.

10 एप्रिलला वकील बाईंकडे गेले. त्यांनी मृत्युपत्र दोनदा वाचलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, आमची मालमत्ता पुणे आणि सातारा जिल्ह्यात होती, त्यामुळे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नव्हतं. (2023 मध्ये मुंबई शहरातल्या मालमत्तेसाठी ते सक्तीचं होतं, म्हणून तिकडचे नातेवाईक छातीठोकपणे वेगळं सांगतात.) दुसरी, स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट करायला एरवी नोंदवलेला दस्त लागतो, पण तो मृत्युपत्राने केला असेल तर वेगळ्या दस्ताची गरज नाही. 1882 च्या भारतीय न्यास अधिनियमातच तसं आहे. बाबा गेले त्या क्षणी ट्रस्ट झाला होता. तिसरी गोष्ट ऐकून मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. मृत्युपत्रात लिहिल्याने मी दादाची पालक होत नव्हते.

कारण असं की दादा सज्ञान आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं, मग त्याची समज कितीही कमी असो. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला पालक नेमण्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि पालक ही समिती नेमते. बाबांनी, म्हणजे आमच्या घरच्या सगळ्यात काटेकोर माणसाने, हा कायदा आल्यापासून तेवीस-चोवीस वर्षं तो अर्ज केलाच नव्हता. त्यांना तो माहीतच नसावा. ते आपल्यापरीने वडील होते, आणि सगळीकडे 'मी वडील' म्हटल्यावर चालत होतं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि ते अठराचं झालंय, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आज अर्ज करा. तुम्ही हयात असताना तो सोपा आहे.

वकील बाई म्हणाल्या, बँका तोवर सुरू करू. मोठ्या ठेवी एका राष्ट्रीयीकृत बँकेत होत्या, साडेअठरा लाखांच्या, आणि त्यांवर नॉमिनी मी. नॉमिनी असला की बँकेने कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. आमच्या शाखेने प्रोबेट मागितलं. मी म्हटलं, नॉमिनी आहे, प्रोबेट कशाला? ते म्हणाले, तुम्हीच मृत्युपत्राचा उल्लेख केलात. खरंच होतं, मी भाबडेपणाने मृत्युपत्राची प्रत अर्जाला जोडली होती. मग वकील बाईंनी अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलं: दावा नॉमिनी म्हणून आहे, वारस म्हणून नाही, रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे निकाली काढावा, नकार असेल तर कारण लेखी द्यावं. ते आवक विभागात देऊन पोच घेतली. पाच आठवड्यांनी, 2 जूनला पैसे आले. जिथे नॉमिनी म्हणून जाताय तिथे फक्त नॉमिनीचे कागद द्या. आणि तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका, पोच असलेलं पत्र द्या.

पैसे माझ्या खात्यात आले म्हणजे माझे झाले नाहीत, हेही इथेच सांगते. नॉमिनी हा पैसे हाती घेऊन खऱ्या हक्कदारांना पोहोचवणारा माणूस. नंतर 14 डिसेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही तेच सांगितलं. मी या रकमेसाठी वेगळं बचत खातं उघडलं आणि ट्रस्टचं खातं होईपर्यंत त्यातला एक रुपया हलवला नाही. आपल्या पगाराच्या खात्यात असे पैसे मिसळू देऊ नका. वर्षअखेरीला कुठलं व्याज कुणाचं हे सांगताना नाकी नऊ येतात.

दुसरी ठेव सहकारी बँकेत होती, 6 लाख 40 हजारांची. तिच्यावर नॉमिनी आई. आई गेल्यावर बाबांनी बाकी सगळीकडे नाव बदललं, इथे राहून गेलं. सोसायटीतही नॉमिनी आईच. सहकारी बँकेने कायदेशीर वारसांची संमती आणि हमीपत्र मागितलं. वारस दोन, मी आणि दादा. 'दोघांच्या सह्या आणा,' खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले. मी दादाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, 'मग त्यांचे पालक कोण?'

पुढच्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला पाच ठिकाणी विचारला गेला. खिडकीवरच्या कुणाचा त्यात दोष नव्हता. पण प्रत्येक वेळी 'अजून कुणी नाही' असं उत्तर देताना घशाशी यायचं.

याच काळात एका जवळच्या नातेवाइकांनी घरी येऊन सल्ला दिला. दादाला सही येते ना? मग त्याच्याकडून हक्कसोडपत्र करून घे, सगळं तुझ्या एकटीच्या नावावर कर, तू त्याला सांभाळणारच आहेस, कशाला ट्रस्ट आणि समित्या? ते वाईट हेतूने बोलले नाहीत. त्या रात्री थकून मलाही क्षणभर ते सोपं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. वकील बाईंना सांगितल्यावर त्या एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, 'ज्याला कागद कळत नाही त्याची सही घेतलेला दस्त टिकत नाही. आणि टिकला तरी तुमच्यानंतर त्याचं काय?' बाबांनी दोन वर्षं खपून शिकवलेली सही दादाचं घर त्याच्याकडून काढून घ्यायला वापरायची, हा विचार नंतर कधी मनात आला नाही.

पालकत्वाचा अर्ज 19 मे ला राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावर भरला. सोबत दादाचं दिव्यांग प्रमाणपत्र, युडीआयडी, जन्माचा पुरावा, दोघांचे फोटो, माझं संमतीपत्र, आई-बाबांचे मृत्यूचे दाखले, आणि चुलतभाऊ व आत्या यांची 'आमची हरकत नाही' अशी पत्रं. जन्माचा दाखला नव्हताच. विशेष शाळेचा सोडल्याचा दाखला चालला. अर्जाला शुल्क नाही. पण ऑनलाइन भरला म्हणजे झालं असं समजू नका. छापील संच घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेले, तिथून समितीवरच्या संस्थेचा पत्ता घेतला, आणि खरा उपयोग त्या संस्थेच्या समाजसेविकेचा झाला. त्या जुलैत घरी आल्या, दादाची खोली पाहिली, त्याच्याशी भेंड्या खेळल्या आणि अहवाल लिहिला.

मग वाट पाहणं. समितीची बैठक पुरेसे अर्ज जमले की होते. जुलैची पुढे गेली, ऑगस्टची गेली. दर सोमवारी मी फोन करायची. अखेर 5 ऑक्टोबरला बोलावणं आलं.

दादाला नवा शर्ट घातला. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच आठ-नऊ कुटुंबं होती. एका सत्तरीच्या आजींबरोबर त्यांचा पन्नाशीचा मुलगा होता. आजी मला म्हणाल्या, 'माझं होऊ दे गं हयातीत, एवढंच.' आत तिघं बसले होते. मधल्या अधिकाऱ्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि दादाला विचारलं, 'या कोण?'

दादा म्हणाला, 'छोटी.'

'घरी जेवायला कोण देतं?'

'छोटी. बाबा देवाघरी.' मग थोडं थांबून, 'छोटी रडते.'

मी खरंच रडत होते. अधिकाऱ्यांनी मला पाणी दिलं आणि दोनच प्रश्न विचारले: तुमचं काही बरंवाईट झालं तर पुढे कोण, आणि दादाच्या पैशाचा हिशेब ठेवाल ना. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नीट नव्हतं. ते मी लिहून देईन म्हटलं. महिनाभरात माझं स्वतःचं मृत्युपत्र केलं आणि माझ्यानंतर पालकत्वासाठी अर्ज करण्याची चुलतभावाची लेखी तयारी घेतली.

पालकत्वाचं प्रमाणपत्र 9 नोव्हेंबरला हाती आलं. त्याबरोबर जबाबदाऱ्या येतात: सहा महिन्यांच्या आत दादाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. मला ही अट फार आवडली. कुणीतरी विचारणारं आहे.

आता ट्रस्ट. बाबांचे मित्र 75 पार केलेले, त्यांनी नम्रपणे नकार दिला. ट्रस्टी व्हायला कुणी बांधील नसतं, पण नकार लेखी घ्यावा. मृत्युपत्रात बाबांनी वाक्य घातलं होतं की कुणी नकार दिल्यास किंवा मृत्यू पावल्यास उरलेल्यांनी नवीन ट्रस्टी नेमावा. हे एक वाक्य नसतं तर नेमणुकीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली असती, असं वकील बाई म्हणाल्या. आम्ही कार्यशाळेतल्या एका मुलीच्या आईला विचारलं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि त्यांच्या घरातही हाच प्रश्न आहे. त्या लगेच हो म्हणाल्या. माझ्या नवऱ्याला मी मुद्दाम ट्रस्टी केलं नाही. त्यालाही ते पटलं. एकाच घरातल्या दोघांच्या सह्यांनी पैसे निघू नयेत.

ट्रस्टच्या पॅनचा अर्ज पहिल्यांदा परत आला. धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक मागितला होता. तो सार्वजनिक ट्रस्टला लागतो. आमचा एका माणसासाठी केलेला खासगी ट्रस्ट. पॅनच्या कागदांच्या यादीतच 'ट्रस्ट डीड किंवा धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र' असं लिहिलेलं आहे, त्यातल्या 'किंवा' या शब्दाखाली मी पेनाने रेघ ओढली, मृत्युपत्र हेच डीड आहे असं पत्र वर लावलं, तिन्ही ट्रस्टींच्या स्वीकृतीचा नोटरी केलेला कागद जोडला. जानेवारी 2024 मध्ये पॅन आलं.

खातं उघडणं त्याहून अवघड गेलं. दोन शाखांनी 'मृत्युपत्राचा ट्रस्ट' हा प्रकार ऐकलाच नव्हता. तिसऱ्या शाखेच्या व्यवस्थापक बाईंनी फाईल दोन दिवस ठेवून घेतली, त्यांच्या विधी विभागाला विचारलं आणि ट्रस्टींच्या ठरावाचा नमुना मला स्वतः टाइप करून दिला. 21 फेब्रुवारीला खातं झालं. त्याच आठवड्यात साडेअठरा लाख आणि त्यावरचं व्याज तिकडे वळवलं. सहकारी बँकेनेही पालकत्वाचं प्रमाणपत्र आणि दोन जामीनदारांचं हमीपत्र घेऊन मार्चमध्ये रक्कम दिली.

सीए म्हणाले, ट्रस्टच्या उत्पन्नावर एरवी सगळ्यात वरच्या दराने कर लागू शकतो, पण हा मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट आहे आणि लाभार्थी एकच, त्यामुळे साधे टप्पे लागतील. बाबांनी दोन ट्रस्ट केले असते तर हा फायदा अडचणीत आला असता. मृत्युपत्र लिहितानाच सीएलाही एकदा दाखवावं. बाबांचं स्वतःचं शेवटचं विवरणपत्र, मार्च 2023 पर्यंतचं, मी आधीच जुलैमध्ये आयकर संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरलं होतं. ते काम आश्चर्य वाटावं इतकं सुरळीत झालं.

सोसायटीचं प्रकरण लांबलं. नॉमिनी हयात नसल्याने दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी लागली, खर्च 4,800 रुपये, हरकतींसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही. मग कमिटीने विचारलं, सर्टिफिकेटवर 'ट्रस्ट' लिहायचं कसं? खासगी ट्रस्ट ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती नसते, मालमत्ता ट्रस्टींच्या नावावर असते. वकील बाईंच्या पत्रानंतर पहिलं नाव माझं, पुढे बाकी दोघांची, आणि तिन्ही नावांपुढे 'विश्वस्त या नात्याने' असं ठरलं. हस्तांतर शुल्क 500 आणि प्रवेश शुल्क 100 रुपये. पंचवीस हजार प्रीमियमही मागितला गेला. वारसाहक्काने होणाऱ्या हस्तांतराला प्रीमियम लागत नाही, हे आदर्श उपविधींमधलं, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतलं, कलम छापून नेलं आणि शांतपणे पुढे ठेवलं. मागणी मागे घेतली. सर्टिफिकेट मे 2024 मध्ये मिळालं.

गावच्या जमिनीचं काम चुलतभावाने पाहिलं. तलाठ्यांकडे अर्ज, नमुना 9 ची नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. अडीच महिन्यांत सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली. सुरुवातीला दादाच्या नावापुढे अज्ञान पालनकर्ता लावायचं चाललं होतं. तो लहान मूल नाही, प्रमाणपत्र पाहा, एवढंच चुलतभावाने सांगितलं, आणि दादाचं पूर्ण नाव सरळ लागलं.

बाबांच्या दूरदृष्टीचं एक उदाहरण निवृत्तिवेतनाचं. शासकीय नियमांप्रमाणे स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. निवृत्त होतानाच बाबांनी कुटुंबाच्या तपशिलात दादाचं नाव आणि प्रमाणपत्र दिलेलं होतं. त्या 2003 च्या कागदाची पोच हिरव्या फाईलीत होती. पालकत्वाचं प्रमाणपत्र आल्यावर अर्ज केला, जिल्हा शल्यचिकित्सकांचा नवा दाखला जोडला. जून 2024 मध्ये मंजूर झालं, थकबाकीसकट. मध्ये एक गडबड झाली होती: बाबा गेल्याचं बँकेला कळवायला मी उशीर केला, त्यामुळे एप्रिल 2023 ची पेन्शन जमा झाली आणि नंतर वळती झाली. पेन्शनच्या बँकेला पहिल्याच आठवड्यात कळवा.

खर्च विचारणारे बरेच भेटतात. वकील 40,000, सीए 8,000, नोटिसा, नोटरी, झेरॉक्स, सातारच्या फेऱ्या धरून साठ हजारांच्या घरात. सुट्ट्या एकोणीस.

28 जूनला मी समितीला देण्यासाठी पहिला वार्षिक जमाखर्च लिहायला बसले. जमेच्या बाजूला बँकेचं व्याज, खर्चाच्या बाजूला औषधं, रिक्षा, कार्यशाळेची फी. दादा बाहेरून आला, चपला काढल्या आणि खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. बाबा गेल्यापासून तो पाकीट उशीखाली ठेवायचा, मागितलं तरी द्यायचा नाही.

'फाईलीत,' म्हणाला.

मग आत जाऊन उशीखालची उरलेलीही घेऊन आला. पंधरा होती. आम्ही दोघांनी ती जमिनीवर मांडली, मी एकेकावर महिना आणि 350 लिहिलं, त्याने रबर लावलं. त्यातली मार्चपर्यंतची रक्कम मी जमाखर्चात घेतली, पहिल्याच ओळीत: 'स्वतःची कमाई.'